‘मिस्टरांची का?’

गेल्या डिसेंबरात दादरला एका लग्नाला गेलो होतो. लग्नसराईत दादरला गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे पूर्वजन्मीची पुण्याई. ती मिळाली म्हणून खुशीत खाली उतरलो, तर समोर कॉलेजातला जुना मित्र. त्याच्या पाठीशी त्याची पांढरीशुभ्र एसयूव्ही, बॉनेट माझ्या छातीला लागेल एवढं उंच. त्याने एकदा माझ्याकडे आणि एकदा माझ्या टोमॅटोच्या रंगाच्या बारक्या हॅचबॅककडे बघितलं. तो हसायच्या आत मीच बोलून गेलो, ‘‘बायकोची आहे रे.’’

गाडी माझी आहे. आरसी बुकावर नाव माझं, हप्ते माझ्या पगारातून फिटले, आणि टोमॅटोचा रंगही मीच घेतला, कारण त्या रंगाची गाडी पंधरा दिवस आधी मिळत होती. बायको तेव्हा पलीकडच्या दाराने उतरत होती. तिने ऐकलं, पैठणीच्या निऱ्या सावरल्या आणि हॉलमध्ये गेली. परत येताना सायनच्या सिग्नलला म्हणाली, ‘‘चला, इतक्या वर्षांत माझ्या नावावर काहीतरी झालं.’’

महिन्याभराने उलटं घडलं. तिच्या आईला डोळ्यांच्या ऑपरेशनला न्यायचं होतं, म्हणून ती भावाची मोठी गाडी मागून घेऊन आली. मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या अरुंद गेटमधून तिने ती एका दमात आत घेतली आणि दोन खांबांच्या मध्ये उलटी लावली. सेक्रेटरी बघत होते. ‘‘वा वहिनी! मिस्टरांची का?’’ मिस्टर वर खिडकीत चहा पीत उभे. ती म्हणाली, ‘‘नाही, भावाची.’’ सेक्रेटरींचं समाधान झालं. गाडी कोण्या ना कोण्या पुरुषाची निघाली होती.

तेव्हापासून ही दोन वाक्यं माझ्या डोक्यात फिरतायत. लहान गाडीतून पुरुष उतरला तर तो स्वतःहून खुलासा करतो. मोठ्या गाडीतून बाई उतरली तर तिच्याकडे खुलासा मागतात. माझं म्हणणं असं, की ‘बायकांची गाडी’ ही कुठल्या कारखान्यात होत नाही. ती घरात होते. पहिली गाडी कोणाची आणि उरलेली कोणाची हे ठरतं, त्या दिवशी होते. मग त्या उरलेल्या गाडीला आपण तिची आवड म्हणायला लागतो.

आपल्या भाषेत याची पाळंमुळं सापडतात. मराठीत गाडी ती, मोटार ती, जीप ती, रिक्षा ती, फटफट आवाज करणारी बुलेटसुद्धा ती. वजन वाढलं की गाडीचा गाडा होतो, आणि ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर, डंपर, रणगाडा हे सगळे तो. लोटा-लोटी, डबा-डबी, सुरा-सुरी हे आपण शाळेत पाठ केलेलं: मोठं असेल ते पुल्लिंगी, त्याचंच लहान रूप स्त्रीलिंगी. व्याकरणात हे निरुपद्रवी आहे. पार्किंगमध्ये तसं राहत नाही.

मात्र कुठली गाडी बाईची आणि कुठली बुवाची, याचं उत्तर दर पिढीत बदलत आलंय, हे विसरायला होतं. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास एका बाईने केला. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्टा बेंझ यांनी नवऱ्याने बनवलेली तीनचाकी गाडी, नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी नेली. शंभरेक किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने साफ केली, इंधन औषधांच्या दुकानातून घेतलं, ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. म्हणजे ड्रायव्हर तीच, मेकॅनिकही तीच. पुढे वीसेक वर्षांनी अमेरिकेत विजेवर चालणारी मोटार ही ‘बायकांची’ म्हणून विकली जात होती: आवाज नाही, धूर नाही, पुढे जाऊन हॅण्डल मारायला नको. पेट्रोलच्या गाड्यांनी जग भरून टाकणाऱ्या हेन्री फोर्डची बायको क्लारा स्वतः विजेची डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवायची. १९१२ साली कॅडिलॅकमध्ये विजेचा स्टार्टर आला, हॅण्डल मारायची कटकट संपली, आणि ती सोय पुरुषांनी बिनबोभाट घेतली. आज तीच विजेवरची गाडी घेतलेला आमच्या ऑफिसातला तरुण जेवणाच्या सुट्टीत बॅटरीच्या क्षमतेवर अर्धा तास बोलतो. शंभर वर्षांपूर्वी त्याला कोणीतरी विचारलं असतं, ‘मिसेसची का?’

१९५५ साली अमेरिकेत डॉज कंपनीने खास बायकांसाठी म्हणून ‘ला फेम’ नावाची गुलाबी मोटार काढली. सोबत त्याच रंगसंगतीची पर्स, लिपस्टिकची डबी, रेनकोट आणि छत्री. दोन वर्षांत ती बंद करावी लागली. बायकांनी छत्री मागितली नव्हती.

आपल्याकडची गंमत आणखी निराळी. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या फियाटला पुढे एका राणीचं नाव मिळालं, पद्मिनी. एवढं बायकी नाव क्वचितच कुठल्या मोटारीला असेल. पण काळ्या-पिवळ्या रंगात तिला हजारो पुरुषांनी चालवलं, त्यातच झोपले, तिच्याच टपावर वाळत घातलेले कपडे मी लहानपणी बघितलेत, आणि एकाही टॅक्सीवाल्याला ही लेडीज गाडी वाटली नाही. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली तेव्हा भलेभले हळवे झाले. माझी आत्या याच फियाटवर गाडी शिकली. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पॉवर स्टिअरिंगचं नाव नाही, उभ्या गाडीचं चाक वळवायचं तर दंडात गोळा यायचा. चार फूट अकरा इंच उंचीची आत्या सीटवर उशी घेऊन हिंदू कॉलनी ते गिरगाव जायची. बायकांना हलकी गाडी लागते, असं कोणी म्हणालं की मला ती उशी आठवते.

दुचाकीकडे बघा. २००१ साली बजाजची पल्सर आली ती ‘डेफिनेटली मेल’ असं सांगत. पुढे चार-पाच वर्षांनी हिरो होंडाच्या प्लेझरने विचारलं, सगळी मजा मुलांनीच का करायची. दोन्ही जाहिराती गाजल्या. पण साधारण त्याच सुमारास आलेली अ‍ॅक्टिवा मात्र कोणाचीच बाजू न घेता चालत राहिली. भाजीवाला, कॉलेजची मुलगी, एलआयसीचा एजंट, शाळेत सोडायला निघालेली आई, आजोबा, सगळे तिच्यावर बसले, कारण समोर पाय ठेवायला आणि पिशवी टेकवायला जागा होती. तरीही जिभेची खोड जात नाही. तीच स्कूटर मुलगी चालवत असली की आपण तिला ‘स्कूटी’ म्हणतो, कंपनी कुठलीही असो. मुलगा चालवत असला की ती ‘गाडी’.

आता शोरूममध्ये चला. मी बायकोबरोबर गाडी बघायला तीन ठिकाणी गेलो. तिन्ही ठिकाणी मला इंजिन, मायलेज आणि ‘रोड प्रेझेन्स’ सांगितला. तिला रंग, डिकीची जागा आणि आरसा दाखवला. तो आरसा डावीकडच्या सन व्हायजरमध्ये होता. म्हणजे बाई डावीकडे बसणार हे गाडी बनवणाऱ्यानेच ठरवून टाकलेलं. उलट जिची तिला खरी गरज होती ती गोष्ट, ड्रायव्हरची सीट वर-खाली करायची कळ, आम्हाला परवडणाऱ्या मॉडेलमध्ये नव्हती. त्यासाठी वरचं मॉडेल घ्या, म्हणाले. सव्वापाच फुटाच्या आतल्या माणसाला बॉनेटच्या पुढचं नीट दिसावं ही चैन समजली जाते. आत्याच्या काळात उशी होती. अजूनही उशीच आहे.

उंचीचा प्रश्न फक्त सोयीचा असता तर मी एवढा लांबवला नसता. धडकेच्या चाचण्यांमध्ये माणसाच्या जागी जगभर ज्या पुतळ्याचा सर्वाधिक वापर झाला तो १९७६ साली तयार झालेला, सुमारे पावणेसहा फूट उंचीच्या आणि ७८ किलो वजनाच्या सरासरी अमेरिकन पुरुषाचा. बाईचा म्हणून जो पुतळा वापरत आले तो प्रामुख्याने त्याच पुरुषाची लहान केलेली प्रत. सरासरी बाईच्या अंगकाठीचा, तिच्या मानेचा आणि कमरेचा विचार करून बनवलेला पुतळा स्वीडनमध्ये तयार व्हायला २०२२ साल उजाडलं. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली अमेरिकेतल्या अपघातांच्या नोंदी तपासल्या. समोरून झालेल्या धडकेत पट्टा लावलेल्या बाईला गंभीर दुखापत होण्याची शक्यता पट्टा लावलेल्या पुरुषापेक्षा ७३ टक्क्यांनी जास्त आढळली. दोन वर्षांनी तिथल्याच विमा कंपन्यांच्या रस्तासुरक्षा संस्थेने आणखी खोदून पाहिलं, आणि या फरकाचा बराचसा भाग शरीररचनेत नसून गाडीत आहे असं त्यांना दिसलं. बायका लहान, हलक्या गाड्यांत जास्त होत्या. धडक देणारी गाडी पुरुषाकडे आणि धडक खाणारी बाईकडे, असंही जास्त वेळा होतं.

हे वाचलं तेव्हा मला लग्नाच्या हॉलबाहेरचं ते बॉनेट आठवलं, छातीला लागणारं. घरातली मोठी गाडी ‘ह्यांची’ आणि जुनी, लहान, एअरबॅग कमी असलेली ‘हिला स्टेशनपर्यंत जायला बास’ ही वाटणी आपण किती सहज करतो. अमेरिकेचे आकडे मुलुंडला जसेच्या तसे लागू होत नाहीत, हे मान्य. पण जड गाडी हलक्या गाडीवर आदळली की काय होतं, हा पदार्थविज्ञानाचा भाग ठाणे जिल्ह्याची हद्द ओलांडून बदलत नाही.

यावर एक आक्षेप माझ्या मित्राचाच. ‘‘अरे, बायकांना लहान गाड्या खरंच आवडतात, कंपन्या लोक मागतात ते विकतात.’’ मी त्याला म्हटलं, मुंबईत लहान गाडी आवडायला बाईच असावं लागतं का? गिरगावच्या गल्ल्या, पार्ल्याचे एकेरी रस्ते, आमच्या सोसायटीतले ते दोन खांब, हे बघून कोणाही शहाण्याला लहान गाडीच आवडेल. ऑटोमॅटिक गिअरचंही तसंच. दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत ऑटोमॅटिक म्हणजे ‘क्लच जमत नाही अशांसाठी’. मग स्वस्त गाड्यांतही ते आलं, घाटकोपर ते अंधेरी जाताना दीड तास क्लच दाबून पुरुषांचे गुडघे बोलायला लागले, आणि एकेकाने ऑटोमॅटिक घेतली. विचारलं की सांगतात, ‘ट्रॅफिकमुळे घेतली.’ बाई ट्रॅफिकमध्ये नसते जणू.

आणि मित्राची ती एसयूव्ही खरी मोठी होती, पण आज आमच्या पार्किंगमध्ये एसयूव्ही म्हणून मिरवणाऱ्या निम्म्या गाड्या चार मीटरच्या आतल्या आहेत. २००६ पासून चार मीटरपेक्षा लहान आणि लहान इंजिनाच्या गाड्यांना कर कमी लागत आला, म्हणून कंपन्यांनी तेवढ्याच मापात सगळं बसवलं. अनेकदा आतला सांगाडा हॅचबॅकचाच. थोडी उंची वाढवायची, चाकांभोवती काळं प्लास्टिक लावायचं, पुढची जाळी रागीट करायची. टाचेचे बूट घातलेली हॅचबॅक. पण त्या टाचांसाठी माझे दोन सहकारी सात-सात वर्षांचे हप्ते भरतायत आणि रोज ऑफिसला लोकलनेच येतात, कारण बीकेसीत पार्किंग नाही. पुरुष या प्रतिमेचा मालक आहे असं वरवर दिसतं. हप्ता त्याच्याकडूनच वसूल होतो.

हप्ता नुसता पैशाचाही नसतो. नंबरप्लेटवर ४१४१ला वळण देऊन ‘दादा’ काढणारे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. नियमाने ते चालत नाही, पण चालतं. पुढाऱ्यांच्या ताफ्यातल्या पांढऱ्या गाड्या बघून वाढलेल्या पोराला गाडी म्हणजे वाट करून घ्यायचं हत्यार वाटतं, यात त्याचा एकट्याचा दोष नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं मेली. त्यातल्या सुमारे ७० टक्के मृत्यूंमागे सरकारी अहवालाने अतिवेग नोंदवला, आणि मेलेल्यांत फार मोठी संख्या पुरुषांची होती. तरीसुद्धा हायवेवर पुढची गाडी हळू चालली की मागचा म्हणतो, ‘बाई असणार.’ ओव्हरटेक करताना मान वळवून खात्री करून घेतो. बाई निघाली तर सिद्धांत सिद्ध झाला. पुरुष निघाला तर तो फोनवर असेल, म्हातारा असेल, एमएच ०४चा असेल. काही का असेना, त्याच्यावरून पुरुषजातीबद्दल काही ठरत नाही. (एमएच ०४वाल्या ठाणेकरांनी रागावू नये, आम्हा मुलुंडकरांना ‘तुम्ही तर ठाण्याचेच’ हे ऐकायची सवय आहे.)

सरकारही या रंगपंचमीत मागे नाही. २०१६ साली राज्याने रिक्षाच्या परवान्यांत ५ टक्के वाटा स्त्रियांसाठी राखला. निर्णय चांगला. परवाना हीच खरी अडचण होती आणि तिच्यावरच हात घातला गेला. पण सोबत त्या रिक्षांना वेगळा रंग ठरला, अबोली. फुलाचं नाव गोड आहे, हे खरं. पण दिवसभर रस्त्यावर भांडून पोट भरायचा धंदा करणाऱ्या बाईच्या गाडीला हेच नाव सुचावं! २०२४ साली पुण्या-नागपुरासारख्या शहरांसाठी ई-रिक्षांची योजना आली तीही गुलाबी.

इथे कोणी लोकलचा लेडीज डबा पुढे करील. तो रंग नाही, ती जागा आहे. सकाळी ८.४०च्या गर्दीत अंगाला हात न लागता उभं राहता येणं ही प्रवासी म्हणून गरज आहे, आणि १९९२ साली चर्चगेटहून सुटायला लागलेल्या लेडीज स्पेशलचं समर्थन मी आजही करीन. पण ती लोकल चालवणाऱ्या हातांसाठी वेगळा रंग लागला नाही. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८०च्या दशकाच्या अखेरीस रेल्वेत इंजिन चालवायला लागल्या, मार्च २०२३ मध्ये त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली. गाडी जशी होती तशीच होती. २०२२ साली लक्ष्मी जाधव बेस्टची बस चालवणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. बस लालच राहिली. प्रवाशाला सुरक्षित जागा द्या, चालकाला परवाना, कर्ज, रिक्षास्टॅण्डजवळ स्वच्छ संडास द्या. रंग लावला की ती लांबून ओळखू येते, गिऱ्हाइकाला आणि छेड काढणाऱ्यालाही.

माझी मागणी फार मोठी नाही. सीट वर-खाली करायची कळ सगळ्यात स्वस्त मॉडेलपासून सक्तीची असावी, एअरबॅगसारखी. धडकेच्या चाचणीत ड्रायव्हरच्या जागी बाईचा पुतळा बसवल्याशिवाय गाडीला तारे देऊ नयेत. गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारं आपलं ‘भारत एनकॅप’ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालंय, पायंडा पाडायला हीच वेळ आहे. आणि घरात दोन गाड्या असतील तर जो जास्त चालवतो, ज्याच्या गाडीत मुलं बसतात, त्याला जास्त सुरक्षित गाडी मिळावी. हे तिसरं कुठलंच सरकार करू शकत नाही. ते जेवणाच्या टेबलावर ठरतं, आणि तिथे आमच्या घरातही ते पुरतं ठरलेलं नाही.

टोमॅटो आता बहुतेक वेळा बायकोच चालवते. माझं वाक्य असं हळूहळू खरं झालं. गेल्या महिन्यात ती सर्व्हिसिंगला घेऊन गेली. अर्ध्या तासात मला गॅरेजमधून फोन. ‘‘साहेब, वहिनी आल्यात. क्लचप्लेट गेलीये, काय करायचं?’’ मी म्हटलं, ‘‘वहिनींनाच विचार ना, त्या समोर उभ्या आहेत. गाडी त्याच चालवतात.’’ तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, ‘‘बरं, क्लचचं विचारतो. पण साहेब, दोन टायरपण बदलायला झालेत, टायरचं तेवढं तुम्हीच सांगा.’’